किनाऱ्याचं मीठ कुणी नेलं

१

शुक्रवारी दुपारी मीठमास्तर जिना चढून वर आले, तेव्हाच तोळाबाईंना कळलं की काहीतरी भलतंच झालंय. मास्तर वर येत ते महिन्यातून एकदा, आपल्या बाटल्या न्यायला. खाली जागा नाही म्हणून त्यांची बाटल्या भिजवायची बादली पाच वर्षांपासून बाईंच्या कपाटात, खालच्या कप्प्यात मुक्काम ठोकून होती. एरवी काही हवं असलं तर ते खालूनच हाक मारत आणि बाई ऐकू न आल्याचं सोंग करत. दोघांचं छान चाललं होतं.

हवा तपासायची ती प्रयोगशाळा. नऊ ठिकाणांहून दर सोमवारी पाकिटं यायची. एकेका पाकिटात पेल्याच्या तोंडाएवढे सात गोल पांढरे कागद, दिवसाला एक. प्रत्येकातून चोवीस तास पंपाने हवा ओढलेली. हवेत जे तरंगत असेल ते कागदावर अडकलेलं. सोबत आठवा कागद कोरा. त्यातून हवा ओढायची नाही, त्याने नुसता प्रवास करायचा. वाटेत काही घाण लागलीच तर ती त्याच्यावर दिसावी म्हणून. आधी तोळाबाई हे कागद तोलायच्या, मग मीठमास्तर त्यांवरचे क्षार पाण्यात उतरवून यंत्रात घालायचे. धुळीच्या कणाचं वजन सांगते म्हणून तोळाबाई. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण तीस वर्षांत ते अंगाला बसलं होतं. तराजूसमोर श्वास सोडला तरी आकडा हलतो. त्यामुळे श्वास रोखायची सवय इतकी मुरली होती, की समोरचं माणूस काही महत्त्वाचं बोलू लागलं की बाईंचा श्वास आपसूक थांबे.

आताही थांबला.

"बाई, किनाऱ्याचं मीठ गेलं," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. माझं यंत्र वर्षभर आजारी होतं, आठवतंय ना? दुरुस्त होऊन आलं तशी सगळी साठलेली पाकिटं एका दमात काढली. आठ ठिकाणं ठीक आहेत. किनाऱ्याच्या कागदांवर सोडियम आहे, भरपूर आहे, पण त्याच्या जोडीचं क्लोराईड जवळजवळ नाही. तिथे नायट्रेट येऊन बसलंय."

"किती पाकिटं?"

"सत्तेचाळीस पाहिली. त्यातलं एकच धड आहे." मास्तरांनी खुर्ची ओढली आणि न बसताच तिच्या पाठीवर हात टेकले. "मी आधी साहेबांकडे गेलो, ही माझी चूक. साहेबांनी लगेच नाव घेतलं."

"कुणाचं?"

मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. "दर्यावर्दींचं," ते म्हणाले.

२

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त गोष्टी लवकर समजायच्या, आणि एकदा समजल्या की पुन्हा समजून घ्यायची त्यांची तयारी नसायची.

"बसा. मी बोलतो, चुकलं तर सांगा," ते म्हणाले. "लाटांचे तुषार उडतात. पाणी सुकतं, मिठाचा कण हवेत राहतो. किनाऱ्यावर पकडला तर ताजा असतो, मीठ जसंच्या तसं. तोच कण वाऱ्याबरोबर गावात शिरला की गाड्यांच्या धुरापासून झालेली नायट्रिक आम्लाची वाफ त्याला गाठते. मग मिठातलं क्लोराईड वायू होऊन उडून जातं आणि नायट्रेट त्याची जागा बळकावतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे कागद किनाऱ्यावरचे नाहीत. गावातले आहेत. दर्यावर्दीची बहीण गावात राहते, भर चौकात, गच्चीचं घर. हा तिथे पंप लावून बसला असणार. समुद्रावर एकट्याने राहायचा कंटाळा आला असेल, मी समजू शकतो. तेविसाव्या आठवड्याचं पाकीट मात्र ठणठणीत आहे. तेवढा आठवडा स्वारी कामावर होती म्हणायची."

"वाटेत काही लागलं असेल तर?"

"सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस कोरे कागद स्वच्छ आहेत." साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. "तो बचाव कोऱ्या कागदांनीच खोडून काढलाय."

बाईंनी तक्ता पाहिला. कोऱ्या कागदांपुढे शून्यांची सरळ रांग होती.

"तीन महिन्यांनी तो निवृत्त होतोय," साहेबांचा आवाज जरा उतरला. "हे खरं निघालं तर बडतर्फ करावं लागेल. बावीस वर्षांच्या नोंदीही रद्द होतील. एक वर्ष खोटं तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? चौकशी तुम्ही करा, बाई. तुमचा शब्द सगळे मानतात आणि तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुढच्या शनिवारी अहवाल द्या."

बाईंनी मान हलवली आणि तक्ता घेऊन बाहेर आल्या. साहेबांची बाकीची मांडणी बरोबर असेल नसेल, पण 'काही संबंध नाही' हे साफ चूक होतं.

३

दर्यावर्दी हे नाव थट्टेचं. बावीस वर्षं समुद्राकाठी राहिलेला हा माणूस होडीत पाय ठेवायला घाबरतो, म्हणून. बायको गेल्यावर वर्षभरात त्यांनी किनाऱ्याची नेमणूक मागून घेतली, जी कुणी फुकट दिली तरी घेतली नसती.

बाई त्यांना दोनदाच भेटल्या होत्या. पहिल्यांदा बावीस वर्षांपूर्वी. चिमट्याने कागद कसा धरायचा हे शिकायला ते चार दिवस आले होते. ते काम अर्ध्या तासाचं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्यांदा नऊ वर्षांपूर्वी, एका बैठकीला. उपाहारगृहात चहा पिताना ते म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं," आणि बाहेर गाडीचा भोंगा वाजला. पुढचं वाक्य नऊ वर्षं बाई आपल्या मनाने पुरं करत होत्या, आणि दर वेळी वेगळं करत होत्या.

बाकी सगळं शेऱ्याच्या रकान्यात. पाकिटासोबत रोजच्या नोंदींचा तक्ता यायचा आणि त्यात उजवीकडे शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. इतर ठिकाणचे लोक तिथे 'निरंक' लिहीत. दर्यावर्दी लिहायचे, 'वारा समुद्राकडून. भरतीचा आवाज मोठा.' किंवा, 'कावळ्याने नळीवर घर बांधायला घेतलं. समजावलं.' किंवा, 'धुकं. काही दिसत नाही. बरं वाटतं.' बाई उत्तरादाखल पोचपावतीवर एकच शब्द लिहायच्या: 'पोचले.' त्याहून जास्त लिहायची त्यांची छाती झाली नाही. आई होती तोवर आईचं दुखणं होतं, आणि आई गेल्यावर कारण उरलं नाही तरी सवय उरली.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयाने नवा छापील तक्ता पाठवला. त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. बाईंना वाटलं, हा माणूस कोपऱ्यात कुठेतरी लिहील. पहिल्या सोमवारी काही नव्हतं. दुसऱ्या सोमवारीही नव्हतं.

तेव्हापासून बाकीची आठ पाकिटं बाई सोमवारीच फोडायच्या, कागद शीतकपाटात ठेवायच्या. किनाऱ्याचं पाकीट मात्र लगेच फोडायचा धीर होत नसे. न फोडलेल्या पाकिटात शेरा असू शकतो. ते शुक्रवारपर्यंत त्यांच्या स्वतःच्या कपाटात पडून राही, जुन्या तक्त्यांच्या गठ्ठ्याशेजारी. गठ्ठ्याला पितळी चाप होता, समुद्राकाठच्या वस्तूंसारखा हिरवट पडलेला. कपाट उघडलं की काहीसा झोंबरा वास यायचा. बाईंना तो समुद्राचाच वाटायचा.

या माणसाची चौकशी आता त्यांनी करायची होती. सोमवारी सकाळी त्या पाकिटं आणणाऱ्या गाडीत जाऊन बसल्या, तेव्हा हातातली पिशवी त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बंद तुटला.

४

गाडी चालवणाऱ्याला सगळे ब्रेकदादा म्हणत. वळण दिसायच्या आधीच तो ब्रेक दाबायचा.

"दादा, दर्यावर्दी तुम्हाला दर सोमवारी तिथेच भेटतात?"

"दहाच्या ठोक्याला. पाकीट हातात घेऊन फाटकाशी उभे. एकदा ताप होता तर घोंगडं पांघरून उभे होते."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी मी कुठे असतो तिथे?" ब्रेकदादाने सरळ रस्त्यावर ब्रेक दाबला. "पण बाई, चोर असा दर आठवड्याला वाट बघत उभा राहत नाही."

फाटकाशी दर्यावर्दी उभे होतेच. गाडीतून कोण उतरतंय ते पाहून त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. केस सगळे पांढरे झाले होते.

"तुम्ही?"

"चौकशीला आलेय."

"कुणाच्या?"

"तुमच्या," बाई म्हणाल्या. एवढा एक शब्द बोलायला त्यांना फार कष्ट पडले.

त्यांनी सगळं सांगितलं.  मग दर्यावर्दी त्यांना लोखंडी शिडीने वर घेऊन गेले. पंप चौथऱ्यावर चार नटांनी बसवलेला होता आणि ते नट गंजून लोखंडाशी एकजीव झाले होते. हलवायचा म्हटलं तर छिन्नीच लागली असती. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच परत वर आला, कारण साहेब काय म्हणतील ते त्यांना ऐकू येत होतं: दुसरा पंप आणला असेल.

"बहिणीकडे किती वेळा जाता?"

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी. जेवतो आणि परत येतो. तेवढा वेळ पंप एकटा असतो. त्यालाही सवय आहे."

"तेविसाव्या आठवड्यात इथे काही वेगळं केलंत? काहीही?"

"बाई, इथे वेगळं काय होतं? लाट येते, लाट जाते. मी कागद बदलतो." ते कठड्याला टेकले. "आता मी एक विचारू? शेऱ्याचा रकाना कुणी काढला?"

"मुख्य कार्यालयाने. छपाई तिकडेच होते."

"असं होय." ते समुद्राकडे वळले. "तुमच्याकडून दर आठवड्याला एक शब्द यायचा. मला पुरायचा. मग नवा तक्ता आला, त्यात जागाच नाही. मला वाटलं, बाईंना माझ्या शेऱ्यांचा त्रास होत असेल. तोंडावर सांगता येत नसेल, म्हणून छापूनच घेतलं."

बाईंना म्हणायचं होतं, अहो, मी अकरा महिने वाट पाहिली. म्हणायचं होतं, तुमचा तो कावळा कसा आहे? श्वास थांबला होता आणि श्वासाशिवाय बोलता येत नाही. तेवढ्यात खाली ब्रेकदादाने भोंगा वाजवला.

"पाकीट," दर्यावर्दी म्हणाले आणि त्यांच्या हातात ठेवलं. "तुम्हाला काय लिहावं लागेल ते लिहा. मी वाईट वाटून घेणार नाही."

ते वाईट वाटून घेणार होते आणि बोलून दाखवणार नव्हते. बाईंनी पाकीट छातीशी धरलं आणि शिडी उतरल्या.

५

परतीच्या वाटेवर त्यांनी वहीतून तो तेविसावा आठवडा काढला. सोमवारची तारीख वाचून दाखवली.

"दादा, या दिवशी तुम्हाला काही आठवतं?"

"आठवतं तर. रस्त्यात झाड पडलं होतं. सहा वाजले पोचायला. वर गेलो तर तुमच्या खोलीला कुलूप."

"माझ्या?"

"भाचीच्या बाळंतपणाला गेला होतात ना तुम्ही? आठवडाभर नव्हतात. पाकिटं घ्यायला वर कुणी नाही, म्हणून मी सगळी मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी किल्ली आणून उभ्या उभ्या शीतकपाटात टाकली. त्यांना घरी जायची घाई."

गाडीने पुढे चार वेळा ब्रेक मारला, बाईंना कळलं नाही. मंगळवारी सकाळी त्यांनी हजेरीपट काढला. तेविसाव्या आठवड्यात मीठमास्तर हजर. साहेब हजर. ब्रेकदादा हजर. तोळाबाईंच्या नावापुढे सहा आडव्या रेघा होत्या.

शेहेचाळीस आठवडे बाई होत्या आणि मीठ गेलं. एक आठवडा बाई नव्हत्या आणि मीठ राहिलं. दुसऱ्या कुणाबद्दल हे हाती लागलं असतं तर त्यांनी चौकशी तिथेच संपवली असती.

त्यांनी आपलं कपाट उघडलं. तोच झोंबरा वास आला. या वेळी त्यांनी तो समुद्राचा आहे असं धरून चालायचं नाही असं ठरवलं, आणि मग लक्षात आलं, की काल किनाऱ्यावर तासभर काढला तेव्हा हा वास कुठेच नव्हता. गठ्ठ्याचा पितळी चाप त्यांनी बोटाने खरवडला. बोटावर हिरवी भुकटी आली. पाच वर्षांपूर्वीपर्यंतच्या तक्त्यांचा दुसरा गठ्ठा टेबलाच्या खणात होता, त्याचाही चाप पितळी. तो पिवळाधमक होता. दोन्ही गठ्ठे आले होते एकाच समुद्राकडून.

खालच्या कप्प्यात मास्तरांची बादली होती. झाकणाला एका बाजूने बोटभर चीर गेली होती.

बाई जिना उतरून खाली गेल्या. मास्तर त्यांना बघून उभेच राहिले.

"तुमच्या बादलीत काय असतं हो?"

"आम्लाचं पाणी. नायट्रिक. बाटल्या त्यात आठवडाभर भिजल्या की अशा निर्मळ होतात..." मास्तर बोलता बोलता थांबले. मग हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही किनाऱ्याचे कागद कुठे ठेवत होता?"

बाईंनी सांगितलं. मास्तर खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली.

"नाही, बाई. जमत नाही. कोरा कागद त्याच पाकिटात असतो. वाफ लागली असती तर त्यालाही लागली असती. तो स्वच्छ आहे. साहेब हेच म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल."

६

कोऱ्या कागदाने बाईंना दोन तास छळलं.

आदल्या दिवशी आणलेलं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. रात्री त्यांनी ते घरी उशाशी ठेवलं होतं. आता त्यांनी ते फोडलं. तक्त्यावर शेरा नव्हता. कागद एकेक करून तोलले आणि आकडे वहीत उतरवले. तीन कागद शीतकपाटात ठेवले. चार कागद आणि कोरा पुन्हा त्याच पाकिटात घालून आपल्या कपाटात ठेवले, गठ्ठ्याशेजारी, नेहमीच्या जागी. कपाट बंद करून किल्ली मास्तरांच्या स्वाधीन केली.

"मला मागितली तरी देऊ नका," त्या म्हणाल्या.

"शुक्रवारी काय निघेल असं वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. तराजूला काय वाटतं ते बघू."

तीन दिवस त्या कपाटाकडे पाठ करून बसल्या. या माणसाची अब्रू वाचायची तर आपण दोषी ठरायला हवं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि आपण दोषी ठरलो तर त्याच्या वर्षभराच्या रोजच्या मेहनतीची माती केली ती आपण, हेही दिसत होतं. वाट पाहण्याने कुणाचं काय बिघडतं, असं त्यांना इतके दिवस वाटत आलं होतं.

शुक्रवारी दुपारी मास्तर किल्ली घेऊन वर आले. बाईंनी आधी शीतकपाटातले तीन कागद तोलले. आकडे मंगळवारचेच. मग कपाटातला पहिला कागद. त्यांनी श्वास रोखला. आकडा स्थिरावला.

कागद जड झाला होता.

दुसराही, तिसराही, चौथाही. बंद कपाटात, बंद पाकिटात, कुणी हात न लावता. सगळ्यात शेवटी कोरा ठेवला. तो होता तेवढाच होता.

"हलकं होतं ते उडून गेलं, जड होतं ते येऊन बसलं," मास्तर पुटपुटले. "क्लोराईड गेलं, नायट्रेट आलं. पण मग हा कोरा?"

बाईंनी कोरा कागद चिमट्यात उचलून उजेडाकडे धरला. "मास्तर, हा गुळगुळीत आहे. वाफ याच्यापाशीही येते. पण याच्याकडे तिला धरून ठेवायला काही नाही, म्हणून ती निघून जाते. मीठ असेल तिथेच ती थांबते. कोऱ्याला काही झालं नाही म्हणजे वाफ नव्हती, असं आपण धरून चाललो. त्याला काही होणारच नव्हतं."

मास्तर सगळे कागद उचलून खाली गेले. शनिवारी सकाळी त्यांच्या यंत्राने तेच सांगितलं. चार कागदांवरचं मीठ गेलं होतं, तीन कागदांवर समुद्र जसाच्या तसा होता.

"आणि एक सांगतो," आकड्यांचा कागद देताना मास्तर म्हणाले. "सोडियम कुठेही जात नाही. ते सगळ्या कागदांवर शाबूत आहे, आणि गेल्या बावीस वर्षांत जेवढं यायचं तेवढंच आहे. चौकातल्या गच्चीवर त्याच्या निम्मंही येणार नाही. त्यावरून मूळचं मीठ किती होतं ते काढता येतं. त्यांचं वर्ष फुकट गेलेलं नाही, बाई. बसून हिशेब करावा लागेल, मी करतो."

बाईंनी डोळे टिपले. आता साहेबांकडे जायचं होतं.

७

साहेबांनी सगळं ऐकलं, दोनदा आकडे पाहिले आणि या खेपेला त्यांना पुन्हा समजून घ्यावं लागलं.

"म्हणजे तो माणूस निर्दोष आहे."

"हो."

"बरं झालं. मनापासून सांगतो, बरं झालं." त्यांनी अहवालाचा नमुना उघडला. "एकच अडचण आहे. शीतकपाट तुमच्याच खोलीत, तुमच्या कपाटापासून चार पावलांवर. आठ पाकिटं त्याच दिवशी त्यात जात होती. हे एकच का नाही?"

बाईंनी नमुना आपल्याकडे ओढला.

"इथे कारणाची जागा आहे," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "'नजरचुकीने' लिहा आणि मोकळ्या व्हा. तीस वर्षांत तुमची एक चूक नाही. कुणी विचारणार नाही."

बाईंनी पेन उचललं. 'नजरचुकीने' हा शब्द सोयीचा होता, बसायला पाट दिल्यासारखा. पण नजरचूक एकदा होते, फार तर दोनदा. शेहेचाळीस वेळा, दर वेळी त्याच एका पाकिटाच्या बाबतीत झालेल्या नजरचुकीवर वरचं कुणीही विश्वास ठेवणार नव्हतं. ते म्हणतील, बाई त्याला पाठीशी घालतेय. आणि तीन महिन्यांनी तो माणूस घरी जाईल तो अर्धा सुटलेला. त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर आकडे लिहिताना असायचं तसंच होतं, सरळ.

'किनाऱ्याच्या पाकिटात पूर्वी पाठवणाऱ्यांचे शेरे येत. मी त्यांची वाट पाहत असे. नव्या तक्त्यात रकाना नसल्याने ते येणं बंद झालं. पाकीट फोडलं नाही तर शेरा आला असेल ही आशा शुक्रवारपर्यंत टिकत असे, म्हणून मी ते न फोडता माझ्या कपाटात ठेवत असे. चूक सर्वस्वी माझी आहे. त्यांचे कागद खरे आहेत.'

साहेबांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे फाइलला लागेल, बाई. वरपर्यंत सगळे वाचतील."

"वाचू देत."

"एक प्रत नियमाप्रमाणे त्यांनाही जाईल."

"नियम मला पाठ आहे," बाई म्हणाल्या आणि सही केली.

प्रत सोमवारी ब्रेकदादाबरोबर गेली. त्या संध्याकाळी आलेलं पाकीट मागच्या आठवड्याचं होतं, त्यात काही असणं शक्यच नव्हतं. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि किनाऱ्याचं पाकीट यापुढे मीठमास्तरांनीच फोडावं असा हुकूम निघाला. मास्तरांची बादली अंगणातल्या पत्र्याखाली गेली. जिन्यात बायका-पुरुष बाईंना पाहून बोलणं थांबवू लागले, मग कंटाळून पुन्हा बोलू लागले. उपाहारगृहातल्या बाईने न मागता साखर जास्त घातली. तोळाबाई बाकीच्या आठ ठिकाणांचे कागद तोलत राहिल्या. पंचावन्न वर्षांचं वय, आणि सोमवार यायला सात दिवस लागतात हे जणू नव्यानेच कळत होतं.

पुढच्या सोमवारी पाचला गाडी आली. खाली दार वाजलं. मास्तरांची खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही. बाईंनी एक कागद तराजूत ठेवला, कारण हात रिकामे ठेवणं त्यांना जमेना.

जिन्यावर पावलं वाजली. एका महिन्यात मास्तर इतक्या वेळा कधी वर आले नव्हते.

"कागद शीतकपाटात ठेवायला आणलेत," ते म्हणाले. "ते मीच ठेवतो, तुम्हाला हात लावायचा नाहीये. तक्त्याबद्दल मात्र हुकमात काही लिहिलेलं नाही."

त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला आणि शीतकपाटाकडे तोंड करून उभे राहिले, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

नव्या छापील तक्त्याच्या उजव्या कडेला, समासात, पट्टीने पेन्सिलची एक उभी रेघ ओढलेली होती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेरा'. खाली सात घरं, सगळी भरलेली. सोमवारच्या घरात एकच शब्द होता.

'पोचले.'

मंगळवारी वारा समुद्राकडून होता. बुधवारी कावळा परत आला होता, या वेळी बायकोला घेऊन. गुरुवारी धुकं, शुक्रवारी ऊन, शनिवारी भरती मोठी. रविवारचं घर पुरलं नव्हतं, अक्षरं समास सोडून पानाच्या पाठीवर गेली होती.

'आज बहिणीकडे गेलो नाही. तुम्हाला एक विचारायचं नऊ वर्षं राहून गेलंय. भोंगा नसलेल्या गाडीने या.'

तराजूत कागद तसाच होता. बाईंनी श्वास सोडला. आकडा हलला, आणि बराच वेळ हलत राहिला.